घोडा आणि कुंदा : शेणवा येथील एका ठासणीच्या बंदुकीच्या निमित्तानें

शहापूर तालुक्यांतील शेणवा येथें एका घरीं दसऱ्याच्या दिवशीं देवापुढें एक ठासणीची बंदूक मांडली जाते. घरांतील वृद्ध मंडळी तिला ‘माहुलीची’ म्हणतात. इ. स. १६७० मध्यें माहुलीचा किल्ला मोगलांकडून परत घेण्यांत आला, त्या झुंजींत ही बंदूक होती अशी त्यांची परंपरा आहे. आज तिचा घोडा नाहींसा झालेला असून कुंद्याचें टोकही तुटलें आहे. घरांतील तरुण मंडळींनीं जुन्या बाजारांतून एक घोडा पैदा केला, व तो बसवून आणि कुंदा सागाचा नवा करवून बंदूक पूर्ववत् करावी असा बेत केला. बेत पार पाडण्यापूर्वीं त्यांनीं आमचा सल्ला घेतला, ही समाधानाची गोष्ट होय. आम्हीं दोन वेळां जाऊन ती बंदूक पाहिली आणि तसें करूं नये असें सांगितलें. कां करूं नये, तें सविस्तर सांगण्यासाठीं हा लेख आहे.

१. नांवांचा निर्णय

प्रथम शब्द निश्चित करूं. ज्या लोखंडी नळांतून गोळी सुटते ती नळी. जिच्यावर नळी बसविलेली असते आणि जिचा मागील भाग खांद्यास लागतो तें लांकूड म्हणजे कुंदा. हातानें धरावयाच्या त्याच्या निमुळत्या भागास आम्ही कुंद्याची मान म्हणूं. नळीच्या बुडाशीं जें छिद्र असतें तो कान; तोफेच्या कानांत खिळे ठोकून ती निकामी करण्याची रीत इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेच. कानाजवळ ठेवावयाची बारीक दारू ती रंजक. रंजकेस अग्नि देणारें जें यंत्र तो चाप, त्यांतील वर दिसणारा व आपटणारा अवयव तो घोडा, घोड्यास बळ देणारी पोलादी पट्टी ती कमान, आणि बोटानें ओढावयाची ती कळ. व्यवहारांत कळीसही चाप किंवा घोडा म्हणण्याची चाल आहे. परंतु तसें केल्यास पुढील विवेचनांत घोटाळा होईल, म्हणून हे शब्द आम्ही वरील अर्थींच योजितों.

२. मेळ म्हणजे काय

तोड्याच्या बंदुकींत खरा घोडा नसतो. जळती वात, म्हणजे तोडा, धरणारी एक लोखंडी चिमटी कुंद्याच्या फटींतून वर आलेली असते. कळ ओढली कीं ती रंजकेवर झुकते. सोडली कीं मागें येते. येथें आघात नाहीं, म्हणून बळकट कमानीची गरज नाहीं. सर्व यंत्र कुंद्याच्या पोटांत असतें, दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, आणि नळी कुंद्यास चामड्याच्या किंवा तारेच्या बंदांनीं आवळलेली असते. अशा बंदुकीचा कुंदा मोडला तर गांवचा सुतारही दुसरा करूं शकतो, कारण लांकूड व लोखंड यांचा मेळ येथें ढिलाईनें चालतो.

गारेच्या, म्हणजे चकमकीच्या, बंदुकींत ही ढिलाई चालत नाहीं. हें यंत्र इ. स. च्या सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्स देशांत सिद्ध झालें. घोड्याच्या जबड्यांत गार आवळलेली असते. ती समोरच्या पोलादी पट्टीवर खरडत खालीं येते, ठिणग्या पडतात, आणि त्याच आघातानें पट्टी उलटून रंजक उघडी पडते. घोडा आंखूड असेल तर गार पट्टीच्या टोकाला नुसती शिवेल; लांब असेल तर गार फुटेल. कमान मऊ असेल तर ठिणगी पडणार नाहीं, आणि फार ताठ असेल तर आंतील खांचे झिजतील. शिवाय सर्व यंत्र एका लोखंडी पाटीवर जडविलेलें असून ती पाटी कुंद्याच्या कुशींत कोरून बसविलेली असते. पाटी दोऱ्याइतकी जरी पुढेंमागें झाली तरी रंजक कानासमोर येत नाहीं. म्हणून या जातींत नळी, चाप आणि कुंदा हीं तीन एकमेकांचीं मापें धरून राहतात.

तिसरी जात टोपीची. आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग बंदुकींत करण्याचा हक्क अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानें इ. स. १८०७ मध्यें मिळविला. पुढें तांब्याची टोपी आली, आणि १८४० च्या सुमारास इंग्रजी फौजेनें ती स्वीकारली. तेव्हां गारेच्या असंख्य बंदुका टाकून न देतां टोपीच्या करण्यांत आल्या. रंजकेचें पात्र व पोलादी पट्टी काढून टाकावयाची, त्यांच्या स्क्रूंचीं छिद्रें बुजवावयाचीं, कानाच्या जागीं टोपी बसावयाची पोकळ खुंटी घालावयाची, आणि जुन्याच आंसावर नवा घोडा चढवावयाचा. नव्या घोड्याची मान अशी वांकवावी लागे कीं त्याचें तोंड खुंटीवर सरळ पडून टोपीस पुरतें झांकील. तें तिरपें पडलें तर टोपीचे तुकडे उडत, आणि बार फुकट जाण्याचाही संभव असे.

घोडा चढवावयाचा तो आंगठ्यानें. म्हणून मेळ केवळ लोखंडाचा लोखंडाशीं नसून हाताशींही आहे. कुंद्याची मान ज्या कोनांत वळते त्यावर आंगठा कोठवर पोंचेल हें ठरतें. याचें स्पष्ट उदाहरण एका क्रियेच्या, म्हणजे प्रत्येक बारास आंगठ्यानें घोडा चढवावयाच्या, रिव्हॉल्व्हरांत सांपडतें. अमेरिकेंतील कोल्ट कंपनीनें इ. स. १८७३ मध्यें काढलेल्या रिव्हॉल्व्हराची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असून बार सुटतांना ती हातांत वर फिरते. त्याच कंपनीनें १८९४ मध्यें निशाणबाजीसाठीं जो प्रकार काढला, आणि ज्यास इंग्लंडांतील बिस्ली येथील प्रसिद्ध मैदानाचें नांव दिलें, त्यांत मुठीची पाठ वर चढविली. पाठ चढतांच आंगठ्याची जागा बदलली, म्हणून घोड्याचें टोकही खालीं आणून रुंद करावें लागलें, आणि कमान व घोडा यांचा सांधाही बदलावा लागला. अर्थात् एकाचा घोडा दुसऱ्याच्या मुठीशीं सहज जुळत नाहीं. आजही दोहोंचे अवयव एकत्र करूं पाहणाऱ्या कारागिरांस घासणी व जुळणी पुष्कळ करावी लागते. एक अवयव बदलला कीं दुसरा त्याची साक्ष देतो, हाच आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

३. शेणव्याची बंदूक

आतां प्रस्तुत बंदुकीकडे वळूं. तिची नळी लांब व जड आहे. कानाखालीं नळीच्या अंगावर कानशीनें घासल्याची एक जुनी खूण दिसते. तोड्याच्या देशी बंदुकींत रंजकेचें पात्र नळीच्या अंगासच जोडलेलें असतें. तें कापून काढल्याची ही खूण होय. तेव्हां नळी मूळची तोड्याच्या बंदुकीची, हें आम्ही निश्चित धरतों.

परंतु कुंद्यास तोड्याच्या यंत्राची फट कोठेंही नाहीं. त्याच्या कुशींत विलायती पाटीसाठीं खांच कोरलेली आहे, आणि पाटी तींत घट्ट बसते. भरीव लांकूड, लाख किंवा मेण कोठेंही भरलेलें नाहीं. म्हणजे हा कुंदा याच पाटीसाठीं घडविला गेला. पाटीवर पुढचे पाय उचललेल्या सिंहाची पुसट आकृति आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर पूर्वीं हृदयाकृति चिन्ह असे व १८०८ च्या सुमारापासून सिंह आला, हें लक्षांत घेतां पाटी त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. आणि कुंदा पाटीच्या मागूनचा. पाटीच्या पुढील अर्ध्या भागांत दोन छिद्रें लोखंडानें बुजविलेलीं आहेत. म्हणजे गारेचा चाप पुढें टोपीचा करण्यांत आला. ही गोष्ट १८४० च्या अगोदरची असण्याचा संभव फारच थोडा. घोडा गेला आहे, परंतु त्याचा चौकोनी आंस शाबूत आहे.

एका बंदुकींत याप्रमाणें तीन काळ आहेत. इ. स. १६७० च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुली घेतली तेव्हां हा कुंदा व हा चाप अस्तित्वांतच नव्हते. यावरून घरची परंपरा खोटी ठरली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. परंपरा जर कोणत्या अवयवाविषयीं खरी असेल तर ती नळीविषयींच असूं शकेल. आणि नळी तिला विरोध करीत नाहीं, एवढेंच म्हणतां येतें. हें ऐकून घरच्या आजोबांनीं नळीवरून हात फिरविला व “मग नळीचीच पूजा करूं,” असें म्हटलें. या उत्तरांत आम्हांस पुष्कळ विवेक दिसला.

४. शुक्रनीतींतील नालिक

अवयवांवरून काळ ओळखण्याची ही रीत ग्रंथांसही लागू पडते. शुक्रनीतींत ‘नालिक’ नांवाच्या शस्त्राचें वर्णन आहे. पांच वितींची नळी, बुडाशीं छिद्र, नेम धरण्यासाठीं तिळाएवढे बिंदु, चूर्ण धरणारा कर्ण, उत्तम लांकडाचें बूड, हें सर्व तेथें सांगितलें आहे. आमच्या मराठी ‘काना’चा तेथील ‘कर्णा’शीं मेळ पाहून कोणासही आनंद व्हावा. गुस्टाव्ह ओपर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें याच आधारावर प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें, आणि आम्हीही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस तें अभिमानानें सांगत असूं.

परंतु त्याच वर्णनांत यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न होतो असें म्हटलें आहे. तोड्यास आघात लागत नाहीं. आघात गारेस लागतो. म्हणजे ग्रंथकारानें घोड्याची बंदूक पाहिली होती, आणि तो भाग ती बंदूक या देशांत आल्यानंतरचाच असला पाहिजे. लल्लनजी गोपाल यांनीं इ. स. १९६२ मध्यें अनेक प्रमाणें देऊन सबंध ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील ठरविला. आमचा जुना अभिमान त्यामुळें गेला खरा. पण एका शब्दानें ग्रंथाचा काळ कसा उघडा पडतो हें शिकावयास मिळालें, आणि हा लाभ लहान नाहीं.

५. उपसंहार

आतां मूळ प्रश्न. बाजारांतून आणलेला घोडा आम्हीं आंसावर नुसता धरून पाहिला. त्याचा चौकोन मोठा आहे व तोंड खुंटीच्या बाहेर पडतें. तो बसवावयाचा तर आंस घासावा लागेल किंवा त्यांत पाचर मारावी लागेल. नवा कुंदा करावयाचा तर जी खांच चापाचा व कुंद्याचा संबंध सिद्ध करिते तीच नष्ट होईल. आज ही बंदूक अपुरी असली तरी खरें बोलते. पुरी केल्यावर ती खोटें बोलूं लागेल, आणि पन्नास वर्षांनीं तिला पाहणाऱ्या अभ्यासकास तें खोटें ओळखतां येणार नाहीं.

याशिवाय कायद्याचीही बाजू आहे. इ. स. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत जुन्या घाटाचीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलीं किंवा मोडकीं जीं शस्त्रें दुरुस्तीनें किंवा दुरुस्तीवांचून बंदूक म्हणून चालूं शकत नाहींत, त्यांस सूट आहे. प्रस्तुत बंदूक त्यांत बसते कीं नाहीं हें ठरविणें आमचें काम नव्हे. तें अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्यावें असें आम्हीं घरच्यांस सांगितलें आहे. परंतु घोडा चढवून ती चालती करण्याच्या मार्गास लागणें म्हणजे ती सूट आपल्या हातानें गमावणें होय, हें उघड आहे.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील घरांतून दसऱ्यास अशीं शस्त्रें आणखीही बाहेर निघत असतील. त्यांच्या मालकांस आमची विनंति इतकीच कीं, तीं घासूं नयेत, रंगवूं नयेत, जोडूं नयेत; आहे त्या स्थितींत त्यांचीं छायाचित्रें व मापें घ्यावींत, आणि घरची परंपरा वृद्धांच्या तोंडून ऐकून तिथीसह लिहून ठेवावी. शेणव्याचा तो उपरा घोडा आतां स्वतंत्र चिठ्ठी बांधून बाजूस ठेविला आहे. चिठ्ठीवर ‘हा या बंदुकीचा नव्हे’ एवढेंच लिहिलें आहे.