चेहऱ्यावरील डाग आणि कडुलिंबाचा लेप

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीत उन्हाने गालांवर वांग उठते. तरुण मुलींना मुरुमांचे डाग छळतात. माझी मुलगी लिंबू चोळून उन्हात गेली. गाल भाजल्यासारखा काळा पडला. मग कडुलिंबाची कोवळी पाने धुऊन वाटली. आधी हातावर लावून एक दिवस पाहिले, नंतर फक्त मुरुमावर १० मिनिटे ठेवले. मुरूम सुकले, डाग पुसट व्हायला मात्र काही महिने लागले. वांगावर या लेपाचा भरवसा नको. उन्हात पदराने चेहरा झाकावा.

गोरेपणासाठी स्टेरॉइडचे मलम लावू नका. कातडी पातळ होते. २०१८ पासून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. मुलीचा रंग नव्हे, आरोग्य जपा.