अमेरिकेतला बेळगावकर उमेदवार आणि आपला कापडबाजार

तिकोणा पेठेत आठवड्यातून एकदा आमची फेरी असते. नावातच पेठ आहे, पण आता बाजार म्हणावा तर तो पवना धरणाच्या काठावर तंबू आणि फार्महाउसवाल्यांचा. पुण्या-मुंबईची माणसे शनिवार-रविवारी येतात, त्यांच्यासाठी चादरी, टॉवेल, अभ्रे लागतात. २०२५ च्या सप्टेंबरात तेथील एका तरुण तंबूवाल्याने टॉवेलचा गठ्ठा उतरवून घेताना आम्हाला विचारले, "चाचा, अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के लावले म्हणतात. पण तिकडच्या काँग्रेसमध्ये तर आपला बेळगावचा माणूस बसलाय ना? मग तो काय करतोय?"

आम्हाला हसू आले नाही, कारण हाच सवाल आमच्याही मनात होता. इतकेच नव्हे, तर त्याच्या भरवशावर आम्ही थोडी रक्कमही अडकवून बसलो होतो. ती हकीकत शेवटी सांगू. आधी हा माणूस कोण, त्याची मते काय आणि त्या मतांचा आपल्या दुकानाशी संबंध किती, हे नीट समजून घेऊ.

काँग्रेस म्हणजे कोणती?

आपल्याकडे काँग्रेस म्हटले की पक्ष आठवतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद. तिची दोन सभागृहे आहेत. सिनेटमध्ये १०० आणि प्रतिनिधी सभेत ४३५ सदस्य. प्रतिनिधी सभेची मुदत फक्त दोन वर्षे. म्हणजे निवडून आलेला माणूस खुर्चीवर बसतो न बसतो तोच पुढच्या निवडणुकीची तयारी सुरू.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून आपण मावळात खासदारकीचा उमेदवार आला की रस्ता, पाणी, धरणग्रस्तांची जमीन विचारतो. परराष्ट्र धोरण कोणी विचारत नाही. ते दिल्लीत ठरते, हे सर्वांना ठाऊक असते.

अमेरिकेत तसे नाही. तेथे पक्षाचा उमेदवार कोण, हे सामान्य मतदार मतदान करून ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाचे आठ-दहा जण एकमेकांविरुद्ध उभे राहतात. पक्ष एकच असल्याने मतदार विचारतो, "मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?" त्यामुळे प्रत्येकाला स्वतःची मते जाहीर करावी लागतात. दवाखान्याचा खर्च, मजुरी, गर्भपात, पोलीस, तसेच इस्रायल, युक्रेन, चीन, भारत या सर्वांवर. निवडून आल्यावर तो पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, पद जात नाही.

उर्दू शाळेत शिकल्यामुळे आम्हाला 'उमेदवार' हा शब्द नेहमी वेगळा ऐकू येतो. उमेद धरणारा तो उमेदवार. आपल्याकडे उमेद पक्षश्रेष्ठींकडून धरावी लागते, तिकडे ती थेट मतदाराकडून.

बेळगाव ते डेट्रॉईट

या माणसाचे नाव श्री ठाणेदार. जन्म २२ फेब्रुवारी १९५५, चिकोडी येथे. तेव्हा हा भाग मुंबई राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि सीमावाद सुरू झाला. ठाणेदार बेळगावात गरिबीत वाढले, मराठी बोलत वाढले. त्यांचे 'ही श्रीची इच्छा' हे मराठी आत्मचरित्र अनेकांनी वाचले आहे. इचलकरंजीला माल घ्यायला जाणाऱ्या आमच्यासारख्यांना चिकोडी परकी नाही. तासा-दीड तासाची वाट.

रसायनशास्त्र शिकून ते १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, तेथे डॉक्टरेट घेतली. १९९१ मध्ये सेंट लुईस शहरातील एक लहान प्रयोगशाळा ७५ हजार डॉलरला विकत घेतली आणि धंदा वाढवला. २०१० मध्ये कर्जापायी बँकेने त्यांच्या कंपन्या ताब्यात घेतल्या. मिशिगनमध्ये जाऊन त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा उभी केली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. चढ-उतार काय असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

२०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक घातले आणि तिसरे आले. २०२० मध्ये मिशिगनच्या विधानसभेवर निवडून आले. २०२२ मध्ये डेट्रॉईट व आसपासच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेससाठी उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार होते. मते फुटली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. नोव्हेंबरची निवडणूक मग सोपी गेली. पण डेट्रॉईट हे काळ्या लोकांची बहुसंख्या असलेले शहर. १९५५ पासून तेथून सतत कोणी ना कोणी काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेला होता. ती परंपरा तुटली, याचे दुःख तेथे अनेकांना झाले आणि ते समजण्यासारखे आहे.

घरचे प्रश्न

ठाणेदारांची घरगुती धोरणावरची मते समजायची तर आधी डेट्रॉईट पाहिले पाहिजे. मोटारींचे हे शहर १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे होते. २०२० च्या शिरगणतीत ती सुमारे ६ लाख ३९ हजार भरली. २०१३ मध्ये तेथील नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, हे ज्याने पाहिले त्याला डेट्रॉईट समजावून सांगावे लागत नाही. धुराडे थंड झाले की आधी कामगार जातो, मग त्याच्या जिवावर चालणारे दुकान जाते.

अशा ठिकाणी उमेदवार काय बोलणार? ठाणेदारांनी २०१८ पासून दोन गोष्टी लावून धरल्या. एक, सर्वांना सरकारी खर्चाने आरोग्यसेवा. अमेरिकेत विमा नसेल तर एका आजारात घर विकायची पाळी येते. दुसरी, किमान मजुरी तासाला १५ डॉलर. केंद्राच्या कायद्याने ती २००९ पासून सव्वासात डॉलरवर होती. स्वतः कारखानदार असून मजुरी वाढवा म्हणणे, हे कौतुकाचे. मात्र टीकाकार म्हणाले की पैसेवाल्याने ऐन निवडणुकीत गरिबांची भाषा उचलली. वाचकांनी दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात.

बाहेरचे प्रश्न

परराष्ट्र धोरणात त्यांच्या मतांचा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. भारताशी जवळीक असावी, हे त्यांचे मत पहिल्यापासून दिसते. २०२३ मध्ये त्यांनी काँग्रेसमध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या प्रश्नांसाठी सदस्यांचा एक गट स्थापन केला. भारतातून गेलेल्या मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचा समावेश त्या नावात नाही, हे आमच्यासारख्या वाचकाच्या लगेच लक्षात येते. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

इस्रायलबाबत मोठा बदल झाला. २०२१ मध्ये मिशिगन विधानसभेत इस्रायलची मदत थांबवावी अशा आशयाचा ठराव आला, त्याच्या पुरस्कर्त्यांत ठाणेदारांचे नाव होते. पुढे त्यांनी त्यापासून अंग काढून घेतले. तरीही २०२२ मध्ये इस्रायल समर्थक गटांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी मोठा पैसा खर्च केला. काँग्रेसमध्ये गेल्यावर ते इस्रायलचे उघड समर्थक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील समाजवादी संघटनेचे सदस्यत्व सोडले आणि २०२४ मध्ये तेच इस्रायल समर्थक गट त्यांच्या बाजूने उभे राहिले. डेट्रॉईटच्या परिसरात अरब वस्ती मोठी आहे. तेथे हा बदल कोणाला पटला, कोणाला लागला. २०२६ च्या प्रायमरीसाठी त्यांच्याच पक्षाचे, मिशिगन विधानसभेचे सदस्य डोनावन मॅकिनी त्यांच्याविरुद्ध उतरले.

येथे व्यापाऱ्याने एक धडा घ्यावा. उमेदवाराचे मत हे नमुन्याच्या तुकड्यासारखे असते. ठाण उलगडल्यावर रंग तोच निघेल याची खात्री नसते. म्हणून भाषण ऐकावे, पण मतदान कसे केले तेही पाहावे.

आयात शुल्क कोणाच्या हातात?

आता मूळ सवाल. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे आयात शुल्क ठरवण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. पण काँग्रेसने वेळोवेळी कायदे करून त्यातला बराच अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिला. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेतला. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे एकूण ५० टक्के जादा शुल्क लागले.

हिशेब असा. नेहमीचे शुल्क बाजूला ठेवू. १०० डॉलरचा भारतीय माल अमेरिकेच्या बंदरात १५० ला पडू लागला. त्याच वेळी पाकिस्तानवर १९ टक्के होते, म्हणून त्यांचा माल ११९ ला. बांगलादेशवर २० टक्के, म्हणून त्यांचा १२० ला. शुल्क भरतो तिकडचा आयातदार, हे खरे. पण तो लगेच इकडे फोन करून म्हणतो, भाव पाडा नाही तर ऑर्डर रद्द. जुन्या मंडळींना कोट्याचे दिवस आठवतील. कोणत्या देशाने किती कापड पाठवायचे ते ठरलेले असे. १ जानेवारी २००५ ला कोटा संपला तेव्हा आम्ही धंद्यात नवे होतो. वाटले, आता दार कायमचे उघडले. वीस वर्षांत कळले की दाराची कडी आतूनच असते.

ठाणेदारांनी काही केले नाही असे नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात कलमी आरोपपत्र मांडले. त्यातले एक कलम व्यापाराच्या अधिकारांच्या गैरवापराचे होते. म्हणजे पन्नास टक्के लागण्याच्या चार महिने आधीच त्यांनी या मुद्द्यावर बोट ठेवले होते. पण प्रतिनिधी सभेत बहुमत ट्रम्प यांच्या पक्षाचे. ठाणेदारांच्या स्वतःच्या पक्षाच्या नेत्यांनाही वेळ योग्य वाटली नाही. मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह मागे घेतला. ४३५ मधला एक, तोही अल्पमतातला.

आणखी एक अडचण आहे. एप्रिल २०२५ मध्ये परदेशी मोटारींवर २५ टक्के शुल्क लागले तेव्हा मोटार कामगारांच्या युनियनच्या नेत्यांनी त्याचे स्वागत केले होते. डेट्रॉईटच्या प्रतिनिधीला या कामगारांची मते लागतात. सोलापूरच्या टॉवेलवाल्याला तेथे मत नाही. बेळगावची जबान बोलणारा माणूसही डेट्रॉईटचाच नोकर असतो, आणि तसाच असायला हवा.

शेवटी गाठ सुटू लागली ती दुसरीकडून. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारतासाठीचा दर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्याच महिन्याच्या २० तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १९७७ च्या त्या कायद्यात आयात शुल्क लावण्याचा अधिकार येत नाही. त्यावर लगेच दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन नवे शुल्क जाहीर झाले.

आमची चूक

आता आमची हकीकत. सप्टेंबरात सोलापूरहून निरोप आला. निर्यातीची ऑर्डर रद्द झाली आहे, टॉवेल उत्तम आहेत, भाव पडता, पण रक्कम रोख. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेला पैसा हाताशी होता. बाजारात चार जण म्हणाले, "आपला माणूस काँग्रेसमध्ये आहे, महिन्याभरात शुल्क उठेल, मग हाच माल दीडपट होईल." आम्ही निम्मा पैसा त्यात घातला.

शुल्क महिन्याभरात उठले नाही. उलट अशाच रद्द ऑर्डरींचा माल सर्वांकडे आला आणि भाव आणखी उतरला. दिवाळीत साड्या आणि ड्रेस मटेरियलला गिऱ्हाईक उभे होते, आमच्याकडे माल कमी. घरी बेगमने एकच सवाल केला, "ज्याला तुम्ही कधी पाहिले नाही, त्याच्या भरवशावर उधारी तरी दिली असती का?" जवाब नव्हता. तिकोणा पेठेचे तंबूवाले थोडे थोडे टॉवेल उचलत गेले, म्हणून मुद्दल निघाली.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे इतकेच. परदेशातल्या उमेदवाराची मते जरूर वाचा. ती वाचताना तीन गोष्टी विचारा. त्याचे मतदार कोण? सभागृहात बहुमत कोणाचे? आणि तुम्हाला हवा तो निर्णय खरोखर त्या सभागृहाच्या हातात आहे, की राष्ट्राध्यक्षाच्या, की न्यायालयाच्या? तिन्हींचे जवाब मिळाले की मगच थैलीला हात घाला. आपल्या भाषेचा माणूस मोठा झाला याचा आनंद मनात ठेवावा. खरेदीच्या वहीत तो लिहू नये.