कोल्हापूर ते नागपूर विमानाने किती वेळ लागतो? साइटवरची वेळ आणि तिकिटावरची वेळ वेगळी का?

"कोल्हापूर ते नागपूर फ्लाइट डिस्टन्स" असं सर्च केलं की बऱ्याच साइट्स पटकन उत्तर देतात: अंदाजे ७०० किमी, वेळ ५३ मिनिटं. माझ्या मावसभावाने हेच वाचून नागपुरातल्या इंटरव्ह्यूचं टाइमटेबल आखायला घेतलं होतं. अंतर बरोबर आहे हो, गडबड वेळेत आहे.

आधी अंतर बघू. हे ७०० किमी म्हणजे उजळाईवाडी विमानतळापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंतचं हवाई अंतर. पृथ्वी गोल आहे, म्हणून ते दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. तुम्हीही मोजू शकता. गुगल मॅप्समध्ये कोल्हापूर विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडेल. खालची माहिती वर सरकवा, 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा नागपूरवर न्या. झालं!

आता वेळ. अशा साइट्स सरळ ७०० ला ताशी ८०० किमीने भागतात. हा वेग एअरबस ए३२० सारख्या जेटचा, तोही उंचावर पोचल्यानंतरचा. पण छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ असतं, ते पंखेवालं विमान. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे नुसतं भागलं तरी १ तास २४ मिनिटं झाली.

शिवाय विमान काही एसटीसारखं स्टँडवरून निघून थेट रस्त्याला लागत नाही. रनवेपर्यंत जायचं, हळूहळू उंची गाठायची, उतरताना वेग कमी करायचा, कधी वळसा घालायचा. याला २०-३० मिनिटं सहज जातात. आणि तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. म्हणून एटीआर असेल तर पावणेदोन ते दोन तास धरा, जेट असेल तर साधारण दीड तास.

म्हणजे ९ ला निघालात तर ९:५३ ला नाही, ११ च्या सुमारास पोचाल. १२ चा इंटरव्ह्यू सीताबर्डीला असेल तर बॅग घेऊन मेट्रो पकडेपर्यंत घाम फुटेल! निघतानाही चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, हे वेगळंच.

माझ्या मते अशा साइटवरून फक्त अंतर घ्यावं. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा. थेट विमान नसेल आणि मुंबई किंवा हैदराबादमार्गे जायचं असेल, तर दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुतेक तुमच्याच खिशातून जातात.