कारखानदाराचें समाजऋण

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. जमशेटजी टाटा यांनीं काढलेली ही कापडगिरणी आज चालू नाहीं; परंतु तिच्या इतिहासांतील दोन सालें आपल्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. १८८६ सालीं तिनें कामगारांकरितां निवृत्तिवेतनाचा निधि उभारला, आणि १८९५ सालीं कामावर इजा झालेल्यांस भरपाई देण्यास प्रारंभ केला. अशी भरपाई मालकांवर बंधनकारक करणारा कायदा हिंदुस्थानांत झाला तो १९२३ सालीं. म्हणजे कायद्यानें सांगण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षें त्या गिरणीनें हें आपलें कर्तव्य मानलें होतें.

आतां आजचा कायदा पाहूं. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावावी, असें तें सांगतें. शाळेच्या खोल्या, दवाखाने, बंधारे यांवर कंपन्यांचीं नांवें पुष्कळदां दिसतात तीं यामुळेंच.

परंतु केवळ स्वतःच्या कामगारांच्या हिताचा खर्च या दोन टक्क्यांत धरतां येत नाहीं. धंद्याच्या नेहमींच्या व्यवहाराचा नाहीं, आणि दुसऱ्या एखाद्या कायद्यानें घातलेलें बंधन पाळण्याचाहि नाहीं. एम्प्रेस मिलनें जें केलें तें या हिशेबांत बसलेंच नसतें! हा कायद्याचा दोष मात्र नव्हे. जखमी कामगारास भरपाई देणें, कारखान्याचें सांडपाणी शुद्ध करणें, हें दान नव्हेच. तो धंद्याचाच खर्च होय.

समजा, नदीकांठीं कापड रंगविण्याचा एक कारखाना आहे. रंगाचें पाणी शुद्ध न करतांच तो नदींत सोडतो. तेवढा खर्च वांचतो आणि नफा वाढतो. त्या नफ्यांतून दोन टक्के काढून कारखानदार खालच्या गांवास पिण्याच्या पाण्याची टांकी बांधून देतो. उद्घाटन होतें, हारतुरे होतात. परंतु ज्या शेतकऱ्याच्या विहिरींत रंग उतरला, ज्या भोयाच्या जाळ्यांत मासे येईनासे झाले, त्यांचा तोटा कारखान्याच्या कोणत्याच वहींत चढत नाहीं. दोन रुपये कोठें गेले हें विचारण्याआधीं शंभर रुपये आले कोठून हें विचारलें पाहिजे, तें यासाठीं.

हें विचारण्याची थोडी सोय आतां झाली आहे. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’नें बाजारांत नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ या वर्षापासून पाणी व वीज किती वापरली, कचऱ्याचें काय केलें, कामावर अपघात किती झाले, याची माहिती प्रसिद्ध करणें बंधनकारक केलें आहे. लहान कारखान्यांस हा नियम लागू नाहीं. तेथें पाहणारे डोळे गांवकऱ्यांचेच असावयास हवेत. कारखानदारानें दिलेली टांकी गांवानें अवश्य घ्यावी. पण उद्घाटनाच्या दिवशीं नदीवरहि एक फेरी मारून यावी.