उधाणाच्या दिवशी एटी माइल बीचवर

पहाटे पावणेपाचला बाहेरची शेगडी पेटते. आतला गॅस या किनाऱ्यावर आम्ही लावतच नाही. रात्रभर जेमतेम निवलेली कॅरव्हॅन चार पोळ्यांच्या धगीने पुन्हा तापते, आणि दुपारी पारा छत्तीस-सदतीसवर गेला की ती धग सोसवत नाही. म्हणून दिवसभराच्या पोळ्या, मुलांचा उपमा आणि थर्मासभर चहा, सगळं उजाडायच्या आत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हर्णैहून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्या घडीच्या टेबलावर लाटतात, मी भाजते. नवरा टॉर्च घेऊन फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक वाचतो. आज आश्विन पौर्णिमा, म्हणजे उधाण. पूर्ण ओहोटी सूर्योदयाच्या सुमारास, पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास. झालं, आजचा दिवस आखला गेला. इथे घड्याळ दोनच, ऊन आणि पाणी, आणि दोन्हींपुढे कुणाचं काही चालत नाही.

पर्थपासून एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास वर, पोर्ट हेडलँड आणि ब्रूम यांच्या मधोमध, सुमारे २२० किलोमीटर लांबीची ही पुळण आहे. शाळेला सुट्टी लागली की पर्थची बरीच मंडळी दक्षिणेला, गारव्याला जातात. आम्ही मुलांना उलट दिशेला आणलं, कारण ऑक्टोबरमध्ये या किनाऱ्यावर जे येतं ते बघायला जगात फार थोड्या जागा आहेत.

पावणेसहाला ऊन जमिनीकडून येतं आणि आम्ही टोप्या चढवून खाली उतरतो. समुद्र कुठे आहे ते पहिल्यांदा दिसतच नाही. ब्रूमला उधाणात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मुंबईत पाच मीटरच्या भरतीची बातमी होते, त्यावरून अंदाज यावा. इथे तळ इतका सपाट की ओहोटीला पाणी किलोमीटरच्या हिशेबात मागे हटतं आणि मागे करडा, चकाकणारा चिखल उरतो. त्या चिखलात शिरायचं नाही, असं मुलांना बजावलेलं आहे. वाळू आणि चिखलाच्या सीमेवर शिंपले पडलेले असतात. धाकटी ते उचलते, उलटसुलट करून बघते आणि ठेवून देते. रिकाम्या शिंपल्यात कुणीतरी राहायला येतं, हे तिला आता पाठ आहे.

न्यांगुमार्ता, काराजारी आणि न्गार्ला या लोकांची ही भूमी आणि हा समुद्र. नकाशावर निर्जन दिसणारा हा पट्टा त्यांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. मुलांना मी आधी ही नावं शिकवली, मग पक्ष्यांची.

सात ते साडेआठ कामं: कपडे वाळत घालणं, प्यायच्या पाण्याचे कॅन सावलीत सरकवणं, टॉयलेटची कॅसेट रिकामी करून येणं. वाळू झाडणं तर दिवसातून कितीदा, त्याला अंत नाही.

नऊला पाणी चढायला लागतं तेव्हा नवरा आणि थोरला गळ घेऊन निघतात, आई मागोमाग खुर्ची घेऊन. समुद्री उद्यानात मासेमारीला मुभा असलेला पट्टा कुठला, ते नकाशावर पाहून ठेवलेलं असतं. चढत्या पाण्याबरोबर मासे चिखलपट्टीवर चरायला आत येतात, तेव्हाचा तास-दीड तास हाच खरा. थोरल्याचा गळ ताणला गेला आणि रुपेरी मासा वाळूवर आला, तेव्हा आई खुर्चीतून उठून त्याच्यावर वाकल्या. कल्ल्यामागे खालच्या अंगाला चार मोकळे धागे लोंबत होते. त्यांनी बोटाने ते एकेक वेगळे केले.

"अगं, हा आपला रावस!"

खरंच तोच. इथे त्याला ब्लू थ्रेडफिन म्हणतात, पण इराणच्या आखातापासून आपल्या किनाऱ्यावरून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ही एकच जात पसरलेली आहे. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. हे धागे तळ चाचपडतात आणि खाणं शोधतात. नंतर लागलेला रावस याच्या दीडपट होता, तो थोरल्याने आपणहून सोडला. रावस आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो. मोठा मासा म्हणजे उद्याची अंडी, हे त्याला बाबाने सांगितलेलं. पाचजणांना एक पुरतो. आईंनी तो तिथेच खवले काढून साफ केला. रवा लावून तुकड्या तळायच्या त्या मात्र आता, दुपारच्या जेवणाला. रात्री कोजागिरीचं दूध आहे, आणि मासे नि दूध एका जेवणात आईंना चालत नाही.

साडेअकराला मी सगळ्यांना पुन्हा बाहेर काढते. ऊन मी म्हणत असतं, पण दिवसाचा कळस हाच. वाळूच्या टेकाडावर, गवताच्या आडोशाला ओले पंचे डोक्यावर घेऊन आम्ही पालथे पडतो आणि दुर्बीण फिरवतो. सकाळी किलोमीटरभर पसरलेला चिखल आता पाण्याखाली आहे. त्यावर विखुरलेले सगळे पक्षी भरतीने ढकलत आणून एका अरुंद ओल्या पट्टीवर उभे केले आहेत. हजारो. पाणटिवळे, त्यांची लांब, किंचित वर वळलेली चोच पाठीत खुपसलेली. ठेंगणे, भरल्या अंगाचे ग्रेट नॉट. आणि त्यांच्या पायांत लाल मानेचे टिलवे, वजन फारतर तीसेक ग्रॅम. सैबेरियातला उन्हाळा संपवून, चीन-कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या काठाने हे इथवर आलेत. एप्रिलच्या सुमारास परत जातील. मोसमाच्या भरात इथे चार लाखांवर किनारपक्षी मोजले गेले आहेत. फेब्रुवारी २००४ मध्ये तर ओरिएंटल प्रॅटिनकोल या एकट्या पक्ष्याची गणना २८ लाख ८० हजारांवर गेली. १९९० पासून हा किनारा रामसर करारातली पाणथळ जागा आहे.

दुर्बीण एका ग्रेट नॉटवर स्थिर करून मी धाकटीला देते. चोच अर्धवट उघडी, धाप लागल्यासारखी. पाठीवरची पिसं उभी राहिलेली, म्हणजे वारा कातडीपर्यंत पोचावा. पाय ओल्या वाळूत. दहा पावलांवरची कोरडी वाळू मोकळी आहे, पण तिथे एकही पक्षी उभा नाही, कारण ती तापली आहे. थोरला उठू बघतो, त्याला जवळून फोटो हवाय. आजी त्याचा दंड धरते. "बस खाली. एकदा उठवलंस की टेकायला त्यांना दुसरी जागा कुठेय?"

हे मला मुलांना शब्दांत सांगता आलं नसतं. आणि हे फक्त या वाळूपुरतं नाही. कोरियात साएमानगुमला ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये खाडी बंद केली, तेव्हा ग्रेट नॉटची वाटेतली एक मोठी खाणावळ गेली. आज हा पक्षी जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. इथली वाळू कितीही राखली तरी मधला मुक्काम मोडला की प्रवास मोडतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक ते चार आत. पडदे ओढलेले, एसी घरघरतोय, रावसाच्या तुकड्या कधीच संपलेल्या. पत्ते खेळून झाल्यावर मी वॉलालची गोष्ट सांगते. वॉलाल म्हणजे इथलंच, कॅम्पच्या बाजूचं जुनं गुरांचं ठाणं. २१ सप्टेंबर १९२२ ला इथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं, पाच मिनिटांहून अधिक काळ. आईनस्टाईनच्या म्हणण्याप्रमाणे सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, ते तपासायला या कोरड्या, निरभ्र किनाऱ्यावर शास्त्रज्ञ जमले. अवजड दुर्बिणी जहाजातून याच लाटांमधून उतरवल्या, त्या कामाला स्थानिक आदिवासी होते आणि गाढवांच्या गाड्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांची छायाचित्रं आईनस्टाईनच्या आकड्याशी जुळली. भारतातून, कोडाईकनालच्या वेधशाळेतून एव्हरशेड आले होते, त्यांच्या उपकरणांनी मात्र दगा दिला.

"एवढ्या उन्हात, एसीशिवाय?" थोरला विचारतो. एवढ्या उन्हात, एसीशिवाय.

साडेचारला समुद्रावरून वारा सुटतो आणि कॅरव्हॅनपुढच्या ऑनिंगचे, म्हणजे कापडी छताचे, दोर फडफडायला लागतात. नवरा ऑनिंग गुंडाळून टाकतो, रात्रीसाठी उघडी ठेवत नाही. दक्षिणेकडचं पार्डू रोडहाऊस एप्रिल २०२३ च्या इल्सा चक्रीवादळाने मोडून टाकलं होतं. बेडाउट बेटावर तेव्हा ताशी २१८ किलोमीटरचा सलग वारा नोंदला गेला, ऑस्ट्रेलियातला उच्चांक. वादळांचा मोसम अजून सुरू व्हायचाय, पण आम्ही दोर दोनदा तपासतो.

सहाच्या आत सूर्य समुद्रात जातो आणि जवळजवळ त्याच वेळी पाठीमागे, तांबड्या मातीच्या माळावर चंद्र वर येतो. दूध खोक्यातलं आहे, टिकाऊ. आई ते मंद आचेवर आटवतात, वेलदोडा, जायफळ, चारोळी, केशराच्या दोन काड्या. शेजारच्या कॅरव्हॅनमधलं वयस्क जोडपं कप घेऊन येतं. ते दर हिवाळा याच रस्त्यावर काढतात, यंदा उन्हाळ्यापर्यंत रेंगाळलेत. उद्याच्या रस्त्याबद्दल जे हवं ते सगळं त्यांच्याकडून कळतं. रोड ट्रेन, म्हणजे ट्रेलरची माळ ओढणारी गाडी, मागून आली तर रेडिओच्या चॅनल चाळीसवर बोला, ओलांडू द्या. ती त्रेपन्न मीटरपर्यंत लांब असते. आणि अंधारात निघू नका, रस्त्यावर गुरं असतात.

म्हणून उद्याही सूर्योदयानंतरच. टायरची हवा, हिचची पिन, गॅसची कळ आणि छपरावरच्या खिडक्या नवरा तपासणार, फ्रिजमधल्या बाटल्या मी आडव्या करणार. सँडफायर रोडहाऊसला डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, त्यानंतर रोबक रोडहाऊसपर्यंत हमरस्त्यावर पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतर पंप नाही. ब्रूमला दुपारपर्यंत. आईंना रोबक बेची खाजणं बघायची आहेत, आणि तिथली भरती किती वाजता ते नवऱ्याने कोष्टकाच्या पुढच्या पानावर आधीच पेन्सिलने गोल करून ठेवलंय.