आभाळ निरभ्र, तरीही हवामान खराब

निवडणुकीच्या दिवसांत अमरावती-अकोल्याकडे तालुक्याच्या गावी हेलिकॉप्टर उतरायचं असलं, की मैदानात चुन्याने ‘एच’ रेखतात आणि टँकरने पाणी मारतात. बघ्यांना तो बडदास्तीचा भाग वाटतो. खरं तर पात्यांच्या वाऱ्याने उठलेल्या धुराळ्यात ऐन टेकताना वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते, म्हणून ते पाणी. हेलिकॉप्टर आणि हवामानाबद्दलचे काही समजही असेच तपासून घेण्याजोगे आहेत.

गैरसमज : लख्ख ऊन असलं की धोका नाही.
वस्तुस्थिती : मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो. 15 अंशांच्या हवेपेक्षा ही हवा नऊ-दहा टक्के विरळ असते. पाती हवा खाली रेटतात म्हणून हेलिकॉप्टर उचललं जातं. हवा विरळ झाली की उचल कमी आणि इंजिनाचा जोरही कमी. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटरवर. पण अशा दुपारी तिथली हवा एरवी सुमारे 1,400 मीटरवर असते तितकी विरळ होते. म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीवर असूनही डोंगरावरच्या चिखलदऱ्याहून उंच! अशा वेळी माणसं किंवा इंधन कमी करावं लागतं. लख्ख उन्हात वाराही दगा देऊ शकतो. 25 मे 2017 रोजी निलंग्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच कोसळलं, तेव्हा वादळ-पावसाचा पत्ता नव्हता. वारा सारखा बदलतोय हे जाणवून वैमानिक परत उतरू लागला आणि हेलिकॉप्टर तारांत अडकलं, असं प्राथमिक माहितीत सांगण्यात आलं. सुदैवाने सगळे बचावले.

गैरसमज : ढगात शिरलं तर हेलिकॉप्टर जागीच थांबवता येतं.
वस्तुस्थिती : अधांतरी थांबायला नजरेला झाड, घर, क्षितिज असं काहीतरी लागतं. ढगात तेच हरवतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते; हेलिकॉप्टर कललेलं असूनही सरळ वाटतं. पावसाळ्यात मेळघाटच्या डोंगरांवर ढग टेकतात, तेव्हा धोका हाच. 2 ऑक्टोबर 2024 रोजी पुण्याजवळ बावधनला सकाळच्या धुक्यात हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला.

गैरसमज : अपघात एकतर हवामानाने होतो, नाहीतर माणसाच्या चुकीने.
वस्तुस्थिती : बहुधा दोन्ही एकत्र येतात. 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाचं दिशाभान हरपलं, असा चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष होता. यंत्रातला बिघाड त्यात नाकारला होता. पुढे संसदीय समितीच्या अहवालात याच अपघाताचं कारण ‘मानवी चूक’ असं नोंदलं गेलं. ढग माणसाच्या हातात नसतात. त्यांच्यात शिरण्याआधी मागे फिरणं मात्र असतं.

म्हणून सभेत तासभर ताटकळल्यावर ‘हवामानामुळे साहेब गाडीने येत आहेत’ अशी घोषणा झाली, तर चरफडू नका. कुणीतरी वेळेवर ‘नाही’ म्हटलेलं असतं.