विश्लेषण : रिकामी 'एअर इंडिया' इमारत राज्याकडे येण्यास विलंब का झाला?

नरिमन पॉइंटची २३ मजली 'एअर इंडिया' इमारत मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कागदोपत्री मात्र हे अंतर कापायला राज्य सरकारला अनेक वर्षे लागली. जागेअभावी सरकारी कार्यालये भाड्याच्या जागांत विखुरलेली आणि समोर बहुतांश रिकामी इमारत, असे चित्र या काळात होते.

इमारत रिकामी कशी झाली?

१९७४मध्ये उभी राहिलेली ही इमारत एअर इंडियाचे मुख्यालय होती. १९९३च्या बॉम्बस्फोट मालिकेत तिलाही लक्ष्य करण्यात आले होते. २०१३मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले. उरलेल्या मजल्यांवर काही भाडेकरू राहिले, त्यात केंद्राचीच कार्यालये होती. त्याआधी जून २०१२मध्ये मंत्रालयाला आग लागून वरचे मजले खाक झाले होते. तेव्हापासून जागेची चणचण अधिकच जाणवू लागली.

व्यवहार कुठे अडला?

आधी किमतीवर. २०१८मध्ये एअर इंडिया विकण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा तिची मालमत्ता विकून कर्जाचा बोजा हलका करण्याचे ठरले. राज्याने या इमारतीसाठी १,४०० कोटी रुपयांची बोली लावली, पण सौदा पुढे सरकला नाही. जानेवारी २०२२मध्ये विमान कंपनी टाटा समूहाकडे गेली. इमारत मात्र 'एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग' या केंद्राच्या कंपनीकडेच राहिली. अखेर नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटींना मान्यता दिली. म्हणजे आधीच्या बोलीपेक्षा २०१ कोटी जास्त.

जमीन कोणाची?

खरी मेख इथे आहे. इमारत केंद्राच्या कंपनीची, पण खालची जमीन राज्याची, भाडेपट्ट्याने दिलेली. अशी जमीन हस्तांतरित करताना वाढलेल्या किमतीतील काही वाटा मूळ मालकाला, म्हणजे सरकारला द्यावा लागतो. महसुली भाषेत याला 'अनर्जित उत्पन्न' म्हणतात. इथे हा वाटा मागणारे राज्य आणि इमारत घेणारेही राज्यच! एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात, असे वाटेल. पण हिशेब दोन वेगवेगळ्या सरकारांच्या तिजोऱ्यांचा असल्याने तो सुटेपर्यंत फाइल हलणे अवघड होते. शेवटी राज्याने अनर्जित उत्पन्न आणि व्याजापोटीचे २९८.४२ कोटी माफ करण्याची तयारी दाखवली आणि मार्च २०२४मध्ये केंद्राने हस्तांतराला मंजुरी दिली. त्यामुळे राज्याला हा व्यवहार नेमका कितीला पडला, हे पाहताना १,६०१ कोटींच्या जोडीला सोडून दिलेली ही रक्कमही धरायला हवी.

मंजुरी म्हणजे ताबा का?

नाही. इमारत पूर्ण रिकामी करून मिळावी, ही राज्याची अट. त्यामुळे भाडेकरू कार्यालयांना आधी दुसरी जागा हवी. सरकारी कार्यालय हलवायचे तर पर्यायी जागा शोधण्यापासून दस्तऐवज सुरक्षित नेण्यापर्यंत सगळेच आले. खासगी भाडेकरूसारखी नोटीस देऊन मोकळे होता येत नाही.

सामान्यांचा संबंध काय?

सुमारे ४६,४७० चौरस मीटर जागेत अनेक विभाग एका छताखाली येऊ शकतात. गावाहून एका कामासाठी आलेल्या माणसाची दोन-तीन ठिकाणची पायपीट वाचू शकते. त्यासाठी ताबा मिळाल्यावर या जुन्या इमारतीची वीजव्यवस्था, उद्वाहने आणि अग्निसुरक्षा यांची तपासणी व दुरुस्तीही करावी लागेल. तो खर्च खरेदीच्या रकमेपेक्षा वेगळा.